रात्रभर कुर्ल्या हाकलत होतो

ताई,

माझे मिस्टर पोलिसात हवालदार आहेत. नोकरीला एकोणीस वर्षं झाली. घर डिचोली तालुक्यात, ड्युटी किनाऱ्यावरच्या स्थानकात. मागच्या वर्षी पावसात एक कॉलेजचा मुलगा समुद्रात गेला, बेळगावकडचा. दुसऱ्या दिवशी रात्री खडकात सापडला. भरती होती, गाडी खाली येईना, म्हणून पहाटेपर्यंत हे एकटेच तिथे राखणीला बसले. घरी येऊन आंघोळ केली नि झोपले, काही बोलले नाहीत. पुढे चवथीच्या आदल्या रात्री पिऊन आले तेव्हा एकदाच म्हणाले, "रात्रभर कुर्ल्या हाकलत होतो गो."

तेव्हापासून माणूस बदलला. रात्री तीन-तीनदा उठून मागच्या दाराची कडी बघतात. कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं हुमण म्हणजे जीव की प्राण, आता शेजारणीने वाटी आणून दिली तर ताटावरून उठतात. कुकरची शिटी झाली की दहावीतल्या मुलीवर ओरडतात, मग तिच्या दाराशी जाऊन उभे राहतात, आत जात नाहीत. पिणं रोजचं झालंय. हे लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतकरी भक्त, दरवर्षी व्रत करतात. यंदा दुसऱ्याच दिवशी हात थरथरायला लागले. तिसऱ्या दिवशी घामाने भिजले, भिंतीवरून काहीतरी चालतंय म्हणाले. शेवटी व्रत मोडून प्याले. देवीने मला टाकलं म्हणतात. सासूबाईंनी कौल लावला, एका घाड्याने, म्हणजे देवस्कीवाल्याने, पाण्याकाठचं लागलंय म्हणून सांगितलं, तेही सगळं करून झालं.

गेल्या महिन्यात मला कपाटासमोर बसवून पेन्शनीचे, विम्याचे कागद दाखवले. "कुठे काय आहे ते लक्षात ठेव," म्हणाले. सध्या गार्ड ड्युटी आहे, रायफल हातात असते. बांबोळीच्या मनोरुग्णालयात न्यावं असं मला वाटतं. दीर म्हणतात, एकदा बांबोळीचा कागद झाला की नोकरी गेली आणि पोरीचं लग्नही. मी काय करू?

– पोलिसाची बायको, डिचोली तालुका

वहिनी,

पोलिसाच्या बायकोला अख्खं स्थानक वहिनी म्हणतं, मीही तेच म्हणते. तुमचं पत्र चार पानी होतं. तुम्हाला कोणी ओळखू नये म्हणून मी ते लहान केलं, दोन-तीन गोष्टी बदलल्या. उत्तर मोठं आहे आणि त्यातला पहिला भाग आजच्या आज करायचा आहे. बाकीचं सावकाश वाचा.

ते कपाटातले कागद. एरवी कोणी असे कागद बायकोला दाखवले तर मी म्हणेन, शहाणा माणूस आहे. पण झोप उडालेली, रोजचं पिणं, देवीने टाकलं हा घोर, हातात रायफल, आणि त्यात हे कागद, असं सगळं एकत्र आलं की मला स्वस्थ बसवत नाही. त्यांना सरळ विचारा, "तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" याच शब्दांत विचारा. "तुम्ही तसलं काही करणार नाही ना?" असं विचारू नका, त्या प्रश्नाला 'नाही' हे एकच उत्तर असतं. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही. ज्याच्या मनात तो असतो त्याला कोणीतरी विचारलं म्हणून बरंच वाटतं. वेळ सकाळची निवडा, ते प्यालेले नसताना, मुलगी शाळेत गेल्यावर.

'हो' म्हणाले तर तुम्हाला रडू येईल, येऊ द्या. पण शपथा घालू नका आणि "पोरीचा तरी विचार करा" म्हणू नका. पोरीचा विचार करूनच ते इतके दिवस तगले असतील. "कधीपासून?" एवढंच विचारा आणि ऐका. त्या दिवशी त्यांना एकटं सोडू नका, सरळ गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्याच गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत न्या, ती रात्रंदिवस उघडी असते. रुग्णवाहिकेसाठी १०८. नेण्याआधी कोणाशी बोलायचं असेल तर १४४१६ लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतूनही बोलता येतं. रुग्णानेच फोन करायला हवा असं नाही, तुम्ही स्वतःसाठीही करू शकता.

आता हत्यार. जीव द्यायची ऊर्मी पुष्कळदा थोड्याच वेळाची असते. त्या वेळात हाताशी साधन नसलं तर माणूस वाचतो. म्हणून साधन दूर करणं हे औषधाच्याही आधी. रायफलीचं काम तुमच्या एकटीच्याने होणार नाही. वाळपईच्या ट्रेनिंगपासूनचा त्यांचा कोणी बॅचवाला असेल, ज्याच्याशी ते अजून मोकळे आहेत, त्याला घरी बोलवा. त्याला सोबत घेऊन निरीक्षकांना भेटा आणि एकच मागा, "यांची तब्येत बरी नाही, काही दिवस हत्याराविना ड्युटी द्या." बहुतेक निरीक्षक एवढं ऐकतात, कारण बिनसलेल्या माणसाच्या हातात रायफल त्यांनाही नको असते. आजाराचं नाव सांगायची सक्ती नाही. पण त्यांनी तुम्हाला 'हो' म्हटलेलं असेल तर निरीक्षकांपासून काही लपवू नका, त्याच दिवशी स्पष्ट सांगा.

डिचोली-सत्तरीत रानडुकरं नि खेत्यांसाठी, म्हणजे माकडांसाठी परवान्याची बंदूक घरात असणं नवलाचं नाही. तुमच्या सासऱ्यांची तशी असेल तर निवडणुकीच्या वेळी स्थानकात जमा करता तशीच आता जमा करा. दिरांच्या माळ्यावर नको, स्थानकातच. काजूवर, भातावर फवारायचं औषध पडवीत असेल तर तेही घरातून काढा.

एवढं आज. आता दारूचं.

व्रताबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. वहिनी, दुसऱ्या दिवशी थरथरलेले हात, तिसऱ्या दिवशीचा घाम, भिंतीवर चालणारं काहीतरी, यात देवीचा कोप नाही. रोज पिणाऱ्या शरीराची दारू अचानक तोडली की मेंदू असाच खवळतो. पहिल्या एक-दोन दिवसांत थरथर, घाम, कधी फिटही येते. त्याच्या पुढे भास, बरळणं, आपण कुठे आहोत याचं भान जाणं. यात माणूस दगावूही शकतो. आपल्या भागात किती धोंड वर्षभर पितात आणि व्रताला एकदम सोडतात! बहुतेकांना काही होत नाही, कारण त्यांचं शरीर दारूला बांधलेलं नसतं. तुमच्या मिस्टरांचं बांधलं गेलंय. व्रत मोडून ते प्याले ही त्यांच्या श्रद्धेतली खोट नव्हे. त्यांचं अंग त्या वेळी आजारी होतं, आणि आजाऱ्याला देव नियम लावत नाही असं माझी आजी म्हणायची. हे त्यांना सांगा. तुमच्याकडून पटलं नाही तर गावातल्या एखाद्या जाणत्या धोंडाकडून सांगवा, त्याचा शब्द माझ्या दहा लेखांपेक्षा जास्त लागेल.

म्हणूनच बाटल्या मोरीत ओतू नका, आणि "आजपासून बंद" अशी शपथ घ्यायला लावू नका. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पहिले पाच-सात दिवस गोळ्यांनी थरथर आवरतात, बी-१ जीवनसत्त्व देतात. एकदा भास झालेल्या माणसाला इस्पितळात ठेवूनच हे करतात. घरच्या घरी, गुपचूप, ताकात कसलीशी पूड मिसळून देणाऱ्यांच्या जाहिराती येतात. त्या वाटेला अजिबात जाऊ नका.

पण दारू हे मूळ नाही असं मला वाटतं. मूळ त्या खडकात आहे.

पत्रावरून निदान होत नाही, ते डॉक्टरांनी समोर बसवून करायचं. मला जे दिसतं ते सांगते. पोलिसाच्या नोकरीत त्या रात्रीला कोणी मोठी घटना म्हणणार नाही. बुडून मेलेल्याची नोंद अनैसर्गिक मृत्यू म्हणून होते. पंचनामा होऊन मृतदेह बांबोळीला शवचिकित्सेला जाईपर्यंत तो पोलिसांच्या ताब्यात असतो. स्टेशन डायरीत दोन ओळी. त्या दोन ओळींच्या आत एक बाप होता, ज्याच्या मुलीचं वय त्या मुलापेक्षा थोडंच कमी. हातात टॉर्च, अंगावर रेनकोट, आणि समोर कोणाचं तरी पोर. रात्री भरतीच्या पाण्याबरोबर कुर्ल्या खडकावर चढतात, ते किनाऱ्यावरच्या माणसाला माहीत असतं. काठीने, बुटाने, टॉर्चच्या उजेडाने त्या हाकलत बसायचं, एक गेली की दुसरी, पहाटेपर्यंत. मदतीला कोणी नाही, बोलायला कोणी नाही. आणि सकाळी आंघोळ करून झोपायचं, कारण संध्याकाळी परत ड्युटी.

असं काही पाहिल्यावर पहिले काही दिवस कोणाचीही झोप उडते. बहुतेकांचं हळूहळू शमतं. काहींचं महिना उलटला तरी शमत नाही. ती रात्र संपतच नाही, डोळे मिटले की परत तिथेच. मग त्या रात्रीची आठवण देणारं सगळं टाळायला लागतात, म्हणून ताटातली कुर्ली. शरीर सतत पहाऱ्यावर राहतं, म्हणून मागच्या दाराची कडी आणि कुकरची शिटी. मुलीवर ओरडून झाल्यावर दाराशी उभं राहणं, आत न जाणं, हेही त्यातच येतं. माया असते, पण पोचवता येत नाही. डॉक्टर याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात, इस्पितळात पीटीएसडी हा शब्द ऐकाल. दारू यात औषध म्हणून शिरते. दोन पेग घेतले की पहिली झोप लागते खरी, पण उत्तररात्री तीच दारू झोप मोडते आणि स्वप्नं जास्त भयंकर करते. मग दोनाचे चार.

आणि हे एका रात्रीवर कधी येत नाही. गोव्याच्या रस्त्यांवर वर्षाला अडीचशे-तीनशे माणसं मरतात. पेपरात 'स्वयंअपघातात युवक ठार' एवढीच ओळ असते. त्या ओळीतला युवक रस्त्यावरून उचलणारा, त्याच्या खिशातला मोबाईल काढून घरी कळवणारा पोलीसच असतो. एकोणीस वर्षांत तुमच्या मिस्टरांनी असे किती फोन केले असतील? त्यांनी ते मोजले नसतील, पण ते साठत गेलेत. एखाद्या वर्षी एखादी कुर्ली त्यावर चढते आणि सगळं खाली येतं.

वरून झोपेचा पत्ता नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, आणि २०२४ या एका वर्षात पर्यटक आले एक कोटीहून अधिक. त्या प्रत्येकामागे, शिवाय इफ्फी, डिसेंबर, कार्निव्हल, शिगमो, जत्रा या सगळ्यांमागे बंदोबस्त लागतो, आणि तो त्याच त्या माणसांना लागतो. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांनी २०१९ साली देशातल्या २१ राज्यांत सुमारे १२ हजार पोलिसांना विचारून अहवाल काढला. त्यांचा कामाचा दिवस सरासरी १४ तासांचा निघाला, आणि दोघांतल्या एकाला आठवड्याची सुटीच नव्हती. झोपेवाचून कोणतीच जखम भरत नाही, मनाचीही नाही.

कौल लावला, घाड्याला विचारलं, त्याबद्दल मी सासूबाईंना दोष देणार नाही. मुलासाठी आई दुसरं काय करणार? घाड्याचे शब्द एका परीने बरोबरच आहेत, पाण्याकाठचंच लागलंय. त्याचा उतारा नारळ-कोंबड्याने होत नाही एवढंच माझं म्हणणं. सासूबाईंना देवळात जाऊ द्या, गाऱ्हाणं घालू द्या, आणि तुम्ही बांबोळीची वाट धरा. दोन्ही चालेल. सासूबाईंशी भांडण काढून नेलंत तर मात्र पहिल्या गोळीपासून घरात दोन तट पडतील.

मी एका सरकारी इस्पितळात समाजसेविका म्हणून बावीस वर्षं काढली. पोलीस तिथे यायचे ते दुसऱ्यांना घेऊन. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण सापडला तर त्याला संरक्षणात घेऊन डॉक्टरांपर्यंत पोचवणं हे कायद्याने पोलिसांचंच काम आहे. एका दुपारी एक साहाय्यक उपनिरीक्षक असाच एक म्हातारा घेऊन आले. कागद झाले, सही झाली, बाहेर जीपवाला हॉर्न वाजवू लागला. ते दारापर्यंत जाऊन परत आले. टोपी काढून माझ्या टेबलावर पालथी ठेवली आणि टोपीकडेच बघत म्हणाले, "मॅडम, झोपेची गोळी इथे कोण लिहून देतो?" मी विचारलं, कोणासाठी? "एका ओळखीच्याला." बाहेर वीस माणसं बसली होती. मी ओपीडीचे वार सांगितले आणि पुढचा कागद ओढला. टोपीच्या आतल्या पट्टीवर घामाचं पांढरं मीठ साठलं होतं. ते मला दिसलं होतं, तरी मी त्यांना "बसा" म्हटलं नाही. ते परत आले नाहीत. त्यांचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही, आणि त्या दुपारीसाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही. पोलीस स्वतःसाठी मागायला येतो तो असाच येतो, दारातून परत फिरून, दुसऱ्याचं नाव सांगून. तुमचे मिस्टरही कदाचित कोणाला तरी मागे बसवून बांबोळीच्या फाटकातून आत गेले असतील. म्हणून त्यांना तिथे जाणं अधिक जड वाटेल, तिथला शिपाई ओळखेल ही धास्ती असेल. तसं असेल तर म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात मानसोपचाराची ओपीडी आहे, डिचोलीहून तेही सोयीचं. युनिफॉर्म नको, साध्या कपड्यांत जा.

दिरांच्या शंकेकडे येते, कारण अर्धा गोवा त्याच शंकेपायी घरात कुढत बसतो.

ओपीडीत दाखवल्याने नोकरी जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. काही ठरावीक अपवाद सोडले तर संमतीवाचून ती कोणाला देता येत नाही, साहेबांनाही नाही. पुढे सुटी लागली तर ती वैद्यकीय दाखल्यावर मागायची. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्राचे रजा नियम लागू आहेत. वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, २० दिवस अर्धपगारी, आणि आजारपणात अर्धपगारी रजा दुप्पट दिवस वजा करून पूर्ण पगारावर घेता येते. एकोणीस वर्षांत पोलिसाने घेतलेली रजा किती असणार? खात्यात पुष्कळ साठली असेल.

आजार लांबलाच तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. सेवेत असताना अपंगत्व आलं, आणि त्यात मानसिक आजारही येतो, म्हणून सरकारी नोकराला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. त्या कलमातून काही दलांना वगळायचा अधिकार सरकारला आहे, म्हणून त्या एकट्यावर विसंबू नका म्हणेन. पण १७ डिसेंबर २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा, लागला तर वकिलाला सांगा. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका मानसिक आजार असलेल्या अधिकाऱ्याविरुद्धची खातेचौकशी न्यायालयाने रद्द केली. सध्याच्या कामाला तो योग्य नसेल तर दुसरं काम द्या, पगार आणि सेवाशर्ती राखा, आणि ते काम देताना बंदुकीशी संबंध येणार नाही हे बघायची मुभा दलाला आहे, असं त्यात म्हटलंय. 'हत्याराविना ड्युटी द्या' ही तुमची मागणी भीक नाही, तिला एवढं मोठं पाठबळ आहे.

कुजबूज होणार नाही असं मात्र मी सांगणार नाही. कोणीतरी "डोक्यावर परिणाम झाला" म्हणेल, कोणीतरी चेष्टा करेल. बढतीच्या वेळी कोणाच्या मनात काय असेल ते कायदा थांबवू शकत नाही. पण पोलिसाची नोकरी प्रत्यक्षात कशाने जाते ते दिरांना विचारा. न सांगता गैरहजर राहिल्याने, ड्युटीवर प्यालेला सापडल्याने, कोठडीत कोणावर हात उचलल्याने, हत्याराच्या अपघाताने. उपचाराविना तुमचे मिस्टर यातल्या प्रत्येकाच्या जवळ जात आहेत. उद्या मेमो आला तर हातात डॉक्टरांचे कागद असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

मुलीचं लग्न! ती दहावीत आहे, वहिनी. तिला आत्ता रात्री न ओरडणारा बाप हवाय.

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा तुम्ही पाहिलाच असेल, बाईच्या अंगावर हात पसरून उभा असलेला. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या पाद्रीने माणसाचं मन नुसत्या शब्दाने, सूचनेने कसं पालटतं ते थेट पॅरिसमध्ये जाऊन दाखवलं. बांबोळीच्या आधी पणजीच्या आल्तिनो टेकडीवर जे मनोरुग्णालय होतं त्याला नाव त्याचंच होतं. एवढा अभिमान बाळगायचा आणि त्याच दारात जायची लाज बाळगायची, हे मला कधी समजलेलं नाही.

ओपीडीत काय होतं ते सांगते, म्हणजे त्यांना सांगता येईल. केसपेपर निघतो. एक डॉक्टर बराच वेळ प्रश्न विचारतात, तुम्हालाही वेगळं बसवून विचारतील. तेव्हा दारूचं आणि कपाटातल्या कागदांचं लपवू नका. भिंतीवरच्या भासाचं तर आधी सांगा, त्यावरून दाखल करायचं की नाही ते ठरेल. दाखल व्हायला सांगितलं तर काही दिवसांसाठी, स्वतःच्या सहीने. दारू उतरल्यावर खरा उपचार सुरू होतो. गोळ्या बहुधा नैराश्यावर देतात त्याच असतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी होऊ शकते. "काही फरक नाही" म्हणून दहाव्या दिवशी सोडणारे मी शेकड्यांनी पाहिलेत, तेवढं सांभाळा. सोबत समुपदेशन मागून घ्या. आघातावरच्या उपचारात माणूस ती रात्र थोडीथोडी, आपल्या चालीने, जाणकारासमोर बोलून काढतो. नुसत्या बोलण्याने काय होतं असं ते म्हणतील. पर्वरीच्या 'संगात' संस्थेने आपल्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साधी माणसं शिकवून तयार केली आणि नैराश्यावर सहा-आठ बैठकांचा उपचार करून दाखवला. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, जगभर वाचले गेले. दारूसाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका गोव्यात ठिकठिकाणी होतात, घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या. ते गेले नाहीत तरी तुम्ही एकदा जा.

मुलीला काही सांगू नका असं सगळे म्हणतील. मी म्हणते, सांगा. "बाबा आजारी आहेत, तुझी चूक नाही, इलाज चालू करतोय." तिसरं वाक्य नको. घरात काय चाललंय ते तिला आधीच कळलंय, फक्त ते आपल्यामुळे असं ती धरून बसली असेल.

हे सदर वाचणाऱ्या निरीक्षकांना दोन शब्द. वर्षाकाठी सभागृहात योगशिबिर होतं, त्याने कोणाचं वाईट होत नाही. पण रात्रभर मृतदेहापाशी बसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सुटी देणं तुमच्या हातात आहे, त्याला सरकारी परिपत्रक लागत नाही. तिथे एकट्याला बसवू नका, दोघं पाठवा. परत आला की केबिनमध्ये बोलवून चहा द्या आणि "कसं होतं रे तिथे?" एवढं विचारा. तो काही सांगणार नाही. आठ दिवसांनी परत विचारा.

वहिनी, आता ते बांबोळीला यायला तयार कसे होतील? "तुम्ही वेडे झालात, चला" म्हणून कोणी येत नाही. झोपेपासून सुरुवात करा. "झोप नाही लागत तुम्हाला, त्याच्या गोळ्या बघू या" याला पोलीस नाही म्हणत नाही. नाही म्हणाले तर चार दिवस सोडून परत. शेजारणीला सांगा, काही महिने कुर्ल्या आणू नको, कारण विचारू नको.

आणि एखाद्या सकाळी, चहा घेताना, त्या रात्रीचं त्यांना सांगा. त्यांना वाटत असणार की मुलगा वाचला नाही, आपण फक्त बसून होतो. बेळगावकडच्या त्या आईबापांनी दुसऱ्या दिवशी बांबोळीला आपल्या मुलाचं तोंड पाहिलं असेल. ते त्यांना पाहता आलं, कारण कोणीतरी रात्रभर पावसात बसून त्याला एकही कुर्ली लागू दिली नव्हती. त्यांना हे कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा.

केसपेपरसाठी आधार कार्ड घ्या, आधीच्या काही गोळ्या असतील तर त्यांची पाकिटं घ्या, आणि सकाळी लवकर निघा. नऊनंतर तिथे रांग वाढते.